प्रतिकारशक्ती दाबलेली असताना सर्दी हटत नाही, तेव्हा मी काय करते

2019 साली माझ्या थोरल्या बहिणीने मला किडनी दिली. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी मी रोज सकाळी आठ आणि रात्री आठला टॅक्रोलिमस घेते, सोबत मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड. या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. म्हणून आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात पावसात सगळ्यांना सर्दी झाली, की इतरांची आठ-दहा दिवसांत जाते आणि माझी तीन-चार आठवडे रेंगाळते. कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्यांचंही असं होऊ शकतं.

सर्दी सुरू झाली की मी वही उघडते. सकाळ-संध्याकाळ ताप, ऑक्सिमीटरचा आकडा, कफाचा रंग लिहिते. स्टेरॉइडमुळे ताप कधी कधी चढतच नाही, त्यामुळे ‘बरं वाटतंय’ यावर मी विसंबत नाही. पॅरासिटामॉल घ्यायचं असेल तर आधी ताप मोजा, नाहीतर तो झाकला जातो. 100.4 फॅरनहाइट दिसला, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन. ऑक्सिजन 94 किंवा त्याखाली गेला, धाप लागली, छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. चेहऱ्याची एक बाजू सुजून दुखू लागली, बधिर झाली किंवा नाकातून काळपट स्राव आला तरीही तसंच. ती बुरशीची लागण असू शकते, तिथे तासांचा हिशेब असतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या. आणि उतरणीला लागलेली सर्दी पुन्हा उलटली, तर वाट पाहू नका.

एका चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, मी ही वाट चुकले. पाहुण्यांच्या गडबडीत डॉक्टरांना फोन न करता औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन होतं. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतोच, पण या औषधाने रक्तातलं टॅक्रोलिमसही वाढतं. माझं इतकं वाढलं की हात कापायला लागले, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, चढलं. तेव्हापासून माझ्या गोळ्यांची यादी पर्समध्ये असते आणि दुकानदाराच्या हातात ती आधी जाते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामकं किडनीला मारक आहेत. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. आणि सर्दी आहे म्हणून टॅक्रोलिमस आपल्या मनाने कमी करू नका.

शेजारच्या काकी गुळवेलीचा काढा घेऊन येतात. “बाय, हा पी, इम्युनिटी वाढेल.” त्यांची माया खरी आहे. पण प्रतिकारशक्ती चेतवणं म्हणजे माझ्या नव्या किडनीवरच हल्ला बोलावणं, आणि गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत. नुसतं ‘नको’ म्हटलं की त्या दुखावतात. म्हणून मी सांगते, “काकी, उकड्या तांदळाची पेज करून द्या ना.” गरम, पातळ पेज, घसा दुखत असताना तेवढीच गिळवते.

नाक चोंदलं की पाणी खळखळ उकळून कोमट होऊ देते, कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून नाक धुते. नळाचं पाणी तसंच वापरू नका. वाफ घेताना भांडं टेबलावर ठेवा, मांडीवर नको. नाकात घालायचे थेंब डॉक्टरांनी दिले तरी तीन-चार दिवसांपलीकडे नको, नाक उलट जास्त चोंदतं.

पावसात आमच्या भिंतींना बुरशी धरते. ती घासायचं काम नवरा करतो, तेव्हा मी त्या खोलीत थांबत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मास्कशिवाय जात नाही. फ्लूची लस पावसाळ्याआधी घरातले सगळे घेतात. मी इंजेक्शनचीच घेते, नाकात फवारायची जिवंत लस आपल्याला चालत नाही.

सर्दीला आंबट फळ चांगलं, म्हणून चवथीत गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी सोडवली की पपनस माझ्यापुढे येतं. पपनसानेही टॅक्रोलिमस वाढतं, त्यामुळे माझ्या वाट्याच्या फोडी बहिणीच्या ताटात जातात.