मोठे शिकारी समुद्री मासे पाळताय? या चुका टाळा

दुकानात दिसतो तेव्हा पँथर ग्रूपर बोटभर असतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, डुलत पोहणं, बघणारा भुलतोच. हाच मासा पुढे 70 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, क्लाउन ट्रिगर 50 पर्यंत. ‘टाकीच्या मापानेच मासा वाढतो’ ही निव्वळ थाप. वाढ खुंटली, तर मासा टाकीशी जुळवून घेत नसतो, आजारी पडत असतो. ‘मोठा झाला की बघू’ म्हणणाऱ्याला पुढे तो मासा घेणारा कोणी सापडत नाही.

तरी माझ्या मते जागेपेक्षा जास्त घोळ खाण्यात होतो. लायनफिशला जिवंत गोल्डफिश घालणं हे त्यातलं सगळ्यात वाईट. गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. रोज तेच खाणारा लायनफिश वरून छान गुटगुटीत दिसतो आणि काही महिन्यांनी अचानक मरतो. त्याऐवजी कोळंबी, माकूळ, समुद्री माशांचे तुकडे आलटूनपालटून द्या, अधूनमधून जीवनसत्त्वांच्या थेंबांत भिजवून. जिवंतच हवं म्हणून हटून बसला, तर लांब चिमट्यात तुकडा धरून त्याच्यासमोर हलवत राहा. आठवडाभर धीर धरायची तयारी हवी. पूर्ण वाढलेल्या लायनफिशला आठवड्यातून 2-3 वेळा खाणं पुरतं. तो भीक मागतच राहणार, दुर्लक्ष करा.

भरपेट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मासा धापा टाकतोय? औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी पाण्यातला अमोनिया (कुजण्यातून तयार होणारा विषारी घटक) तपासा. बहुतेकदा खडकामागे अर्धा तुकडा कुजत असतो. तो काढा, पाणी बदला, स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप धुवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. आटलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी ओतू नका. मीठ उडून जात नाही, गोडंच पाणी घाला.

झाकणाला वायर जाण्यापुरती फट ठेवलीत, तर मोरे ईल (सापासारखा लांबलचक मासा) ती शोधून रात्री जमिनीवर येईल. सोबतीला ठेवलेला मासा शिकाऱ्याच्या तोंडात मावत असेल, तर तो सोबती नव्हे, रात्रीचं जेवण.

आणि लायनफिशच्या टाकीत हात घालताना तो नेमका कुठे आहे ते आधी बघा. त्याला 18 विषारी काटे असतात. टोचलाच, तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा.