जुन्या जीपसाठी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस कशी निवडावी

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात कोणीतरी सांगतो, "पाच गिअरचा बॉक्स टाकून घ्या." या एका सल्ल्यामुळे अनेक चांगल्या जीप वर्षानुवर्षे गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निवड नेहमी मागून पुढे करावी: आधी ॲक्सल पाहावा, मग ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी आणि हाय-लो असे दोन टप्पे देणारी पेटी) ठरवावी आणि गिअरबॉक्स सर्वांत शेवटी घ्यावा. पुढील सर्व विवेचन अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या सीजे-३बी या मॉडेलच्या घाटणीच्या जुन्या महिंद्रा जीप डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

१. ॲक्सल ओळखा

ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात (डिफरन्शियलमध्ये) असलेल्या क्राउन या मोठ्या आणि पिनियन या लहान गिअरचे दात मोजा. ४३ आणि ८ असतील तर रेशो ५.३८, आणि ३९ व ८ असतील तर ४.८८.

२. रांगण्याचे (सर्वांत हळू चालण्याचे) गणित करा

पहिल्या गिअरचा रेशो, ट्रान्सफर केसचा लो रेशो आणि ॲक्सलचा रेशो यांचा गुणाकार करा. टी-९० या मूळच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर २.८० आहे आणि डाना १८ ट्रान्सफर केसचा लो २.४६ आहे; ५.३८ च्या ॲक्सलसह हा गुणाकार साधारण ३७ येतो. पहिला गिअर ४ च्या आसपास असलेला चार गिअरचा बॉक्स घेतला, तर तोच आकडा ५३ च्या घरात जातो. इंजिन ७०० फेऱ्यांवर असताना पहिली जीप ताशी सुमारे अडीच किलोमीटर चालते आणि दुसरी दोन किलोमीटरपेक्षाही हळू; दगडांच्या उतरणीवर ब्रेकला पाय लावावा लागतो की नाही, हे याच फरकावर ठरते. पाचवा गिअर या गणितात कोठेही येत नाही.

३. ट्रान्सफर केस

जीपच्या मागे वाकून पाहा. डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसून उजवीकडे असेल, तर ट्रान्सफर केसमधून मागच्या शाफ्टकडे (मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याकडे) जाणारे तोंडही उजवीकडेच हवे. डाना १८ मध्ये ते तसेच असते. नंतरच्या डाना २० मध्ये ते मध्यावर आले आणि लो रेशोही २.०३ वर उतरला, म्हणजे त्यासाठी मागचा ॲक्सल बदलावा लागतो आणि वर रांगण्याची ताकदही कमी होते. डाना १८ आवाज करते ही तक्रार खरी आहे, कारण तिच्यात हाय रेंजमध्येही ताकद मधल्या गिअरमधूनच फिरून जाते. परंतु तेवढ्या आवाजासाठी ती काढून टाकणे मला पटत नाही. महामार्गावर इंजिनाच्या फेऱ्या कमी करायच्या असतील, तर तिच्या पाठीमागच्या पीटीओच्या (इतर यंत्रे चालवण्यासाठी ताकद बाहेर काढण्याच्या तोंडाच्या) जागी बसणारा ओव्हरड्राइव्ह हा अमेरिकेत जुना आणि रुळलेला उपाय आहे.

४. लांबी आणि शाफ्टचा कोन

येथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. माझ्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांची उंची थोडी वाढवलेली होती, मागचा शाफ्ट २४ इंच लांब होता आणि त्याचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा ६ इंच उंच होते. म्हणजे कोन साडेचौदा अंश, जो मूळ तोल सांभाळून चालत होता. मी पाच गिअरचा बॉक्स आणि त्याला जोडणारी ॲडॅप्टर प्लेट बसवली, तेव्हा दोन्ही मिळून ट्रान्सफर केस ८ इंच मागे सरकली. शाफ्ट १६ इंचांचा उरला आणि कोन थेट २२ अंशांवर गेला. मेकॅनिकने शाफ्ट कापून, वेल्डिंग करून बसवून दिला, आणि मीही समाधानाने पैसे मोजले.

ताशी चाळीसला जीपचा तळ थरथरू लागला, तरी मी ती टायरची खोड समजलो. पुढे वरंध घाटात चढावर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वाकता सांधा) तुटला. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरील ड्रमवर असतो, हे मला त्या क्षणी आठवले: शाफ्टच तुटल्यावर तो मागची चाके धरणार कसा? पायाचा ब्रेक दाबून धरत मी पुढचा ॲक्सल जोडला, म्हणजे हँडब्रेकची पकड पुढच्या चाकांना मिळाली, आणि लो टाकला, तेव्हा कुठे जीप उभी राहिली.

म्हणून बॉक्स विकत घेण्यापूर्वीच इंजिनाच्या मागच्या तोंडापासून ट्रान्सफर केसच्या मागच्या जोडापर्यंतची एकूण लांबी मोजा, आणि मगच पैशाचे बोला. मोजमाप घेताना जीप चाकांवर उभी असावी. जॅकवर उचललेल्या जीपचे माप खोटे असते. दोन टोकांच्या उंचीतील फरकाला शाफ्टच्या लांबीने भागले की कोनाचा साइन मिळतो. भागाकार ०.२५ च्या वर गेला की मी विचार करू लागतो, आणि ०.३३ च्या वर गेला की तो बॉक्स परत ठेवतो. दोन्ही टोकांचे कोन समान आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे चिमटे) एकाच पातळीत असतील, तरच एका क्रॉसची थरथर दुसरा शमवतो. पाट्यांखाली पाचर घालून पिनियन वर करणे हा अर्धवट उपाय आहे, कारण त्याने कोनांची ही समानता मोडते. तसे करायचेच असेल, तर वरच्या टोकाला डबल जॉईंट (दोन क्रॉसचा सांधा) घालावा लागतो.

आखूड चाकांतर असलेल्या जीपसाठी माझा कौल चार गिअरच्या आखूड बॉक्सलाच आहे.

५. क्लच आणि बेल हाऊसिंग

इनपुट शाफ्टच्या दात्यांची संख्या क्लच प्लेटशी आणि टोकाचा व्यास पायलट बेअरिंगशी (इंजिनाच्या मागच्या टोकात त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगशी) जुळवून पाहा.

६. जुना माल तपासणे

कुर्ल्याच्या बाजारात बॉक्स घेताना तो उघडून दाखवा असे सांगा. नकार आला तर पुढच्या दुकानात जा. ट्रान्सफर केसमधील मधल्या गिअरचा शाफ्ट झिजला असेल, तर तेल गळते आणि आवाजही वाढतो.

७. बसवल्यानंतर

पितळी सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या बॉक्समध्ये जीएल-५ नव्हे, जीएल-४ दर्जाचे तेल घाला. शाफ्टचे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा आणि फोर-व्हील डांबरी रस्त्यावर जोडू नका.