टाइप शीट कशी वाचावी

पावसाळ्याच्या तोंडावर कातळाच्या सड्यावर डिपकाडी हे कांद्यातून उगवणारं रानफूल फुलतं आणि तिच्या दोन जातींवरून माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात : "सर, ही कोंकानेन्सी की गोएन्सी?" नुसत्या फोटोवरून मी नाव सांगत नाही. नाव बांधलेलं असतं ते जाड कागदाच्या शीटवर डकवलेल्या एका सुकवलेल्या नमुन्याला, म्हणजे टाइपला. तिथवर पोचायची वाट सांगतो.

आधी नावामागचे कर्ते, म्हणजे नाव देणारे, बघा. डिपकाडी कोंकानेन्सीपुढे कंसात डॅल्झेल आणि बाहेर बेकर आहे. म्हणजे मूळ नाव डॅल्झेलचं, 1850 सालचं, युरोपेटॅलम कोंकानेन्सी. बेकरने फक्त जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदलला. आपल्याला हवा डॅल्झेलचा नमुना. मूळ वर्णनाचं पान आयपीएनआय या वनस्पतींच्या नावांच्या ऑनलाइन सूचीवर कळतं आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत ते फुकट वाचता येतं. लॅटिनला घाबरू नका, मापं आणि गावाचं नाव तेवढं उचला. डॅल्झेल हा गृहस्थ मुंबई इलाख्यात कस्टम्समध्ये नोकरीला, आणि गोवा पोर्तुगीजांकडे. तेव्हा त्याच्या लिखाणात वेंगुर्ला मिळेल, पण गोव्यातलं पेडणं मिळेल अशी आशा नको.

मग लंडनच्या क्यू बागेच्या हर्बेरियमची, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाची, स्कॅन केलेली शीट उघडा आणि झूम करा. खरं काम इथे आहे. शीटवर 'टाइप' लिहिलं म्हणून ती टाइप होत नाही. ती चिठ्ठी पुष्कळदा नंतरच्या कुणीतरी डकवलेली असते. अक्षर कुणाचं? गोळा केल्याची तारीख वर्णनाच्या आधीची आहे का? गाव जुळतं का? हूकर-थॉमसन या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या छापील चिठ्ठ्या तर हमखास भेटतात : 'मलबार, कोंकण इत्यादी', गोळा करणारे 'स्टॉक्स, लॉ इत्यादी'. या 'इत्यादी'त अर्धा पश्चिम किनारा मावतो! अशा चिठ्ठीवरून गाव ठरवू नये. एकाच शीटवर दोन वेगळी झाडं चिकटवलेलीही असतात, म्हणून प्रत्येक फांदी स्वतंत्र तपासा.

होलोटाइप, म्हणजे मूळ कर्त्याने स्वतः ठरवलेला एकच टाइप, नसेल तर लेक्टोटाइप, म्हणजे मूळ नमुन्यांतून नंतर निवडलेला टाइप, आधीच कुणी ठरवलाय का ते शोधा. नियमाप्रमाणे झालेली पहिली निवड सगळ्यांना पाळावी लागते. आपल्याला दुसरी शीट जास्त देखणी वाटली म्हणून ती बदलत नाही. 1958पासूनच्या नव्या नावांना टाइप सांगणं सक्तीचं आहे, त्यामुळे गोएन्सीसारख्या अलीकडच्या नावाला ही कटकट नाही.

आता आपला नमुना. सुकल्यावर रंग जातो, पाकळी आकसते. म्हणून फुलाच्या नळीची लांबी, पाकळ्यांचा बाक, कांद्याचा आकार ताज्यावरच मोजून वहीत लिहा. एक फूल स्पिरिटमध्ये ठेवा. आपल्याकडे आषाढात वर्तमानपत्र सकाळी बदललं तरी संध्याकाळी ओलं होतं. प्रेस, म्हणजे नमुना दाबायच्या फळ्या, पेटत्या बल्बच्या पेटीत ठेवा, नाहीतर बुरशी नमुना खाईल. स्कॅनवरच्या पट्टीशी मापं ताडताना सुकलेल्या फुलाशी सुकलेलंच फूल लावा.

तरी अडलात तर पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) किंवा मुंबईला झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आधी पत्र पाठवून जा. तिथल्या शीटवरचं फूल परवानगीशिवाय उकलू नका. आणि एवढं करूनही जुळलं नाही, तर चिठ्ठीवर नुसतं 'डिपकाडी', गाव, तारीख आणि स्वतःचं नाव लिहून शीट ठेवून द्या.