मेकॅनिकल कीबोर्डचा आवाज कमी करताना

फोंड्यातल्या सदनिकेत रात्री लेखन करणाऱ्यास कीबोर्डचा खडखडाट शेजारच्या खोलीपर्यंत पोहोचतो, हे लवकरच कळते. उपाय करण्यापूर्वी स्विच, म्हणजे प्रत्येक कळेखाली दाबला जाणारा भाग, कोणता आहे हे पाहावे, कारण चेरी एमएक्स ब्लूसारख्या निळ्या स्विचमधील 'टिक्' हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो वंगणाने जात नाही. तेथे स्विच बदलणे हाच मार्ग. हॉट-स्वॅप कीबोर्डमध्ये, म्हणजे ज्यातील स्विच डाख न लावता बदलता येतात अशा कीबोर्डमध्ये, केबल काढून, चिमट्याने जुने स्विच उपटून त्या जागी सायलेंट स्विच बसवता येतात. त्यांच्या दांड्यावरील मऊ रबर कळ खाली आदळताना आणि वर परतताना, दोन्ही वेळचा आघात शोषून घेते. स्विच डाखलेले (सोल्डर केलेले) असल्यास डाखकामाचा सराव नसणाऱ्याने त्या वाटेस जाऊ नये.

माझ्या मते सर्वांत त्रासदायक आवाज स्पेसबार आणि एंटर यांच्या स्टॅबिलायझरचा, म्हणजे लांब कळ सरळ खाली जावी म्हणून बसवलेल्या तारेच्या आधाराचा, असतो. त्यातील तार जेथे प्लास्टिकला टेकते, तेथे डायइलेक्ट्रिक (विद्युतरोधक) ग्रीसचा पातळ थर बारीक कुंचल्याने द्यावा. थर जाड झाल्यास कळ मंदावते.

कळांखाली रबरी ओ-रिंग घालणे स्वस्त पडते, मात्र त्याने केवळ खाली आदळण्याचा आवाज घटतो आणि स्पर्श काहीसा लिबलिबीत होतो. कीबोर्डच्या पोकळ खोक्यात फोमचा तुकडा बसवावा. गोव्याच्या पावसाळ्यात तो दमट होतो, म्हणून पूर्ण कोरडा असल्याची खात्री करूनच झाकण लावावे. टेबलावर जाड मॅट अंथरावी.