बेळगावच्या हवामान केंद्रात येणाऱ्या नव्या मंडळींसाठी

मी परभणीची. २०११ च्या जूनमध्ये बेळगावात उतरले, ते दोन वर्षं काढून परत जायचं म्हणून. गेले नाही. या जूनमध्ये तुमच्यापैकी सहा-सातजण रुजू होताय आणि बहुतेकजण महाराष्ट्रातून येताय, म्हणून मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा गोष्टी लिहून ठेवते.

आधी घर. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव, कुठेही मिळेल. घर बघायला जाल तेव्हा पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघा. इथला पाऊस त्याच बाजूने झोडपतो. तिथे पोपडे सुटलेले असतील तर जुलैत कपाटातल्या कपड्यांना बुरशी आलीच म्हणून समजा. वडगाव-येळ्ळूरच्या बाजूला बळ्ळारी नाला कुठून जातो ते विचारा. जोराच्या पावसात तो भातशेतीत शिरतो. छत्रीवर पैसे घालवू नका. रेनकोट आणि गमबूट घ्या, गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात मिळतात.

आता काम. तुमच्यातले बरेचजण संगणकावर हवामानाच्या अंदाजाची मॉडेल चालवायला आलेले आहात. तरी पहिले तीन महिने तुम्हाला पर्जन्यमापकांच्या फेरीवर पाठवणार आहोत, आणि माझं मत विचाराल तर सहा महिने पाठवायला हवं. आपला जिल्हा म्हणजे पावसाचा चढउतार एका दिवसात गाडीने बघण्याची जागा आहे. पश्चिमेला कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजायचा. पूर्वेला अथणी, रामदुर्ग, तिथे वर्षाकाठी काही शेकडे पडले तरी लोक समाधान मानतात, आणि त्यातला बराचसा भाग सप्टेंबरमध्ये येतो. जुलैत कणकुंबीला झड लागलेली असते तेव्हा अथणीचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. ‘जिल्ह्याची सरासरी’ हा आकडा अहवालात लिहिण्याआधी हे दोन्ही डोळ्यांनी बघून या.

नोंद सकाळी ८.३० ला. देशभरची ठरलेली वेळ, ग्रीनिचचे तीन वाजलेले असतात. १५ जुलैची नोंद म्हणजे १४ च्या साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस. गावातला माणूस त्यालाच ‘कालचा पाऊस’ म्हणतो. तारखांचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

जांबोटीच्या पुढे एका गावात पावसाची नोंद घेणारे आमचे एक काका आहेत, निवृत्त पोस्टमन. पहिल्या जुलैत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा रात्रभर कोसळून झालं होतं. मापकातली बाटली काठोकाठ भरलेली. मोजायची काच लहान, ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. काका ओट्यावर उकिडवे बसले, काच डोळ्यांच्या रेषेत धरली, पाण्याचा खालचा काठ बघितला, पाणी ओतून दिलं आणि डावीकडच्या ताटलीत एक चिंचोका टाकला. पुन्हा काच, पुन्हा चिंचोका. मध्ये त्यांच्या सुनेने चहा आणला, शेजारी हाक मारून गेला, काकांनी मान वर केली नाही. शेवटी चिंचोके मोजले, उरलेलं अर्धं माप मिळवलं आणि वहीत आकडा लिहिला. ‘बोलण्यात एक काच चुकली की वर्ष चुकलं,’ म्हणाले. तुमच्या संगणकात जो १९९१ ते २०२० चा सरासरीचा पाया आहे, तो अशा ताटल्यांवर उभा आहे.

आपोआप नोंद करणारी यंत्रं आता सगळीकडे आहेत. ती हवीतच, पण मुसळधार पावसात आतली, भरली की उलटून माप नोंदवणारी वाटी मागे पडते आणि पाऊस कमी दाखवते. नरसाळ्यात पानं अडकतात, कोळी जाळं करतो. म्हणून काचेच्या मापाची नोंद आपण थांबवलेली नाही.

माझी एक चूक सांगते. पहिल्याच वर्षी रायबागकडच्या एका वहीत दोन दिवसांपुढे आडवी रेघ होती आणि तिसऱ्या दिवशी ७१ मिमी. मी रेघांच्या जागी शून्य भरलं. ६४.५ च्या वर गेला की ‘जोरदार पाऊस’, त्यामुळे माझ्या तक्त्यात तो दिवस ठळक झाला. शेजारच्या गावात मात्र तिन्ही दिवस थोडा थोडा पडलेला. विचारायला गेले तर नोंद घेणारा मुलगा सरळ म्हणाला, ‘बहिणीचं लगीन होतं, गावात नव्हतो.’ तो तीन दिवसांचा साठलेला पाऊस होता. शून्य म्हणजे पाऊस नाही, रेघ म्हणजे माहीत नाही. हा फरक पुसला की दुष्काळही खोटा आणि अतिवृष्टीही खोटी. आणि त्या मुलाला कुणी रागावलं नाही, म्हणूनच तो खरं बोलला. एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी रेघ ओढत नाही, अंदाजाने आकडा भरतो. नोंद घेणाऱ्यांशी आवाज चढवायचा नाही, ही केंद्रातली सगळ्यात कडक शिस्त आहे.

जुन्या पत्रकांत दमायला होईल. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात, त्यामुळे तेव्हाचे आकडे तिकडच्या कागदांत आणि इंचांत. नावंही बदललेली: परसगड म्हणजे सौंदत्ती, संपगाव म्हणजे बैलहोंगलकडचा भाग. शहराचं नाव २०१४ पासून कागदावर बेळगावी, घराघरात बेळगाव. फाइलीत दोन नावं दिसली म्हणून दोन ठिकाणं धरू नका.

भाषेचं मनापासून सांगते. शहरात आणि खानापूर, निपाणीकडे मराठीवर निभावतं. पूर्वेकडच्या गावांत कन्नडच हवं, आणि ते शिकण्यात आपल्या मराठीपणाला काही कमी येत नाही. ‘निन्ने मळे एष्टु बंतु?’ म्हणजे काल पाऊस किती आला, एवढ्या एका वाक्यावर दारं उघडतात. मोठ्यांशी बोलताना शेवटी ‘री’ लावा. दोन्ही भाषांतले शेतकरी पाऊस नक्षत्रावर लक्षात ठेवतात. ‘तरण्यात दोन दिवस उघडीप होती’ असं कुणी म्हणालं तर पुनर्वसू समजा, म्हाताऱ्याचा पाऊस म्हणजे पुष्य. वहीत तारखेशेजारी नक्षत्र लिहीत जा, दहा वर्षांनी लोक तुम्हाला त्याच खुणेवर माहिती देतील. १ नोव्हेंबरला शहरात राज्योत्सव असतो, मराठी भाषकांचा काळा दिनही असतो. त्या दिवशी आपण फेरी ठेवत नाही.

केंद्रात दुपारचे डबे एकत्र उघडतात. धारवाडकडच्या अक्कांची ज्वारीची भाकरी, खानापूरकडच्यांचा भात, आणि सणाला कुणीतरी कुंदा आणतोच. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या’ आणि ‘एळ्ळु बेल्ल’ एकाच ताटात फिरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या तेव्हा आम्ही इथेच सतरंज्या टाकून झोपलो. भिंतीवर पाण्याचे आकडे, एका रकान्यात महाराष्ट्रातलं कोयना धरण आणि राजापूर बंधारा, दुसऱ्यात कर्नाटकातली हिडकल आणि आलमट्टी धरणं. पाणी सीमा बघून थांबत नाही, हे चिकोडी तालुक्यात फोन करताना रोज कळत होतं. त्या आठवड्यात भांडलेली माणसंही एकमेकांना चहा करून देत होती, आणि तेव्हा जुळलेली नाती अजून टिकून आहेत.

पहिली फेरी सोमवारी कणकुंबीकडे. गाडी पहाटे साडेपाचला निघते, साडेआठच्या आत शेवटच्या मापकाशी पोचायचं असतं. जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पूड घ्या, मोजे लांब घाला. भीमगडच्या रानातल्या ठिकाणांना वनखात्याची परवानगी लागते, ती मी काढून ठेवते; तिथे अस्वलं आहेत, दिवेलागणीच्या आत बाहेर पडायचं. काकांकडे पोचलात की ते मोजत असतील. त्यांचे चिंचोके मोजून होईपर्यंत नमस्कारसुद्धा करू नका.