साक्षीदार पिंजऱ्यात असतानाच बोला: उलटतपासणीत या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या फौजदारी कोर्टांत आरोपी मराठी, साक्षीदारही बरेचदा मराठी आणि साक्षीची नोंद कन्नडमध्ये, असं चित्र नवं नाही. सरकारी साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा आणि आपले साक्षीदार बोलावण्याचा हक्क आरोपीला आहे. तो हातचा जातो तो बहुधा गप्प बसल्यामुळे.

‘कळलं’ म्हणून मान डोलावणं

साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत होत असेल, तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत भर कोर्टात समजावून सांगितली पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या नव्या कायद्याचं) कलम ३१४ सांगतं; पुढची कलमंही याच संहितेची. (१ जुलै २०२४ पूर्वी सुरू झालेल्या खटल्यांना जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू राहते, तिथे हेच कलम २७९.) बाजारापुरतं कन्नड येतं म्हणून कोर्टातलं कन्नड कळेलच असं नाही. साक्ष सुरू होण्याआधीच वकिलांमार्फत लेखी अर्ज द्या.

साक्षीदार मराठीत बोलला आणि नोंद कन्नडमध्ये झाली, तर जास्त सावध राहा. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. छळाच्या खटल्यात ‘आत्या मारायची’ हे वाक्य नोंदीत सासूवर जाऊन बसलं, तर आरोपीच बदलतो! कलम ३१३ नुसार साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला, आरोपी किंवा त्याच्या वकिलासमोर, वाचून दाखवायची असते. नोंदीची भाषा साक्षीदाराला येत नसेल तर समजावून सांगायची असते. चूक दाखवायची वेळ तीच. घरी नक्कल आणून वाचेपर्यंत थांबू नका.

पोलीस जबाब नुसता फडकवणं

पोलिसांनी कलम १८० खाली घेतलेला जबाब स्वतः पुरावा नसतो. बचाव पक्षाला तो सरकारी साक्षीदाराची विसंगती दाखवण्यासाठी वापरता येतो, पण ती सिद्ध करावी लागते. जबाबातलं नेमकं वाक्य साक्षीदाराला दाखवा आणि ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?’ असं विचारा. ‘नाही’ म्हणाला की तो भाग खूण करून नोंदवून घ्या. पुढे तपासी अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याच वाक्याबद्दल त्याला विचारा. इथेच घोळ होतो: अधिकाऱ्याला विचारायचं राहून जातं आणि विसंगती सिद्धच होत नाही. कोर्टात सांगितलेली पण जबाबात नसलेली प्रत्येक गोष्ट विसंगती ठरत नाही; ती महत्त्वाची असावी लागते.

‘मग असं का सांगितलंत?’ हा प्रश्न टाळा. त्या ‘का’मुळे साक्षीदाराला सारवासारवीची आयती संधी मिळते. आरोपीचा बचाव मात्र साक्षीदारापुढे सूचनेच्या रूपात (‘असं घडलंच नाही, हे खरं ना?’ अशा प्रश्नातून) ठेवाच. न विचारलेली बाब बचावाला मान्य आहे, असा अर्थ निघू शकतो.

कागदपत्रं डोळे झाकून मान्य करणं

कलम ३३० खाली कागदपत्रं मान्य की अमान्य हे, ती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, विचारलं जातं. तज्ज्ञाच्या अहवालावर वाद उपस्थित केला नाही, तर तज्ज्ञाला साक्षीला बोलावलं जात नाही. जखमेच्या दाखल्यावर घाईत ‘मान्य’ लिहिलं, तर डॉक्टरांची उलटतपासणी गमावून बसाल.

तारखेला वकील नाहीत

वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, हे तारीख मागण्याचं कारण चालत नाही. साक्षीदार हजर आणि तुमची बाजू तयार नाही, तर कोर्ट उलटतपासणीविना पुढे जाऊ शकतं. तसं झालं तर कलम ३४८ खाली साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज लगेच द्या. ‘न्यायासाठी’ एवढंच लिहू नका. गैरहजेरीचं कारण आणि कोणत्या मुद्द्यांवर विचारायचं आहे ते लिहा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. तुरुंगातल्या आरोपीला उत्पन्नाची अट नाही.

बचावाचे साक्षीदार शेवटी आठवणं

कलम ३५१ चा जबाब (कोर्ट पुराव्याबद्दल आरोपीला विचारून नोंदवतं तो) झाला की बचावाच्या साक्षीदारांची पाळी येते. यादी त्याआधीच तयार हवी, आणि प्रत्येक नावापुढे तो काय सांगणार हेही लिहा. केवळ वेळकाढूपणा वाटला तर कोर्ट समन्स नाकारू शकतं. आरोपीला स्वतः साक्ष द्यायची असेल तर लेखी विनंती लागते, आणि मग त्याचीही उलटतपासणी होते. साक्षीदार चंदगड किंवा गडहिंग्लजचा असेल तर समन्स साधारणपणे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत बजावलं जातं, त्यात दिवस जातात. पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा आणि पोलीस ठाणं लिहा. नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलेलं समन्स परत येतं.