छोटा डिजिटल कॅमेरा घेण्याआधी तुलना कशी करावी

कॅमेरा कशासाठी हवा, हे आधी वहीत एका ओळीत लिहून ठेवावे. पोळ्याच्या सायंकाळी तोरणाखाली उभ्या बैलजोड्या टिपायच्या असतील तर एक कॅमेरा योग्य ठरतो आणि गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत दूरवर चरणारी सारसांची जोडी टिपायची असेल तर दुसराच. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात दोन्ही कामे सारखीच चांगली होत नाहीत.

मग दोन-तीन मॉडेलचे रकाने आखावेत आणि पहिल्या ओळीत मेगापिक्सेल न लिहिता सेन्सरचा, म्हणजे भिंगामागे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार लिहावा. कॅननचे पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस आणि जी७ एक्स मार्क ३ हे दोन्ही कॅमेरे सुमारे २० मेगापिक्सेलचे आहेत. पण पहिल्याचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी, तर दुसऱ्याचा १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट आहे. दिवेलागणीला काळ्या बैलाच्या पाठीवरची झूल, तिचे आरसे आणि शिंगांचे बेगड लहान सेन्सरवर करड्या ठिपक्यांत विरघळते, ते मोठ्यावर बरेच स्पष्ट उमटते.

दुसरी ओळ भिंगाच्या छिद्राची. छिद्राचे माप एफ/१.८ असे लिहितात; एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे आणि उजेड जास्त, म्हणून एफ/३.३ पेक्षा एफ/१.८ ला तिपटीहून अधिक प्रकाश आत येतो. झूम वाढवल्यावर हा आकडा किती चढतो, तेही लिहावे.

तिसऱ्या ओळीत फक्त ऑप्टिकल, म्हणजे भिंगे सरकवून होणारा, झूम लिहावा, कारण डिजिटल झूम चित्राचा तुकडा कापून मोठा करतो, तपशील वाढवत नाही. येथे ४० पटीचा एसएक्स ७४० सरस ठरतो, जी७ एक्स ४.२ पटींवरच थांबतो. सारस पावसाळ्यात बांध्यांतच घरटे करतो आणि त्याच्या जवळ जाणे मुळीच योग्य नाही, तेव्हा पक्ष्यांसाठी मी झूमच निवडेन.

आपल्याकडच्या उन्हाची वेगळी ओळ हवी. या दोन्ही कॅमेऱ्यांना डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे भर दुपारी पडद्यावर फारसे दिसत नाही. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, म्हणून कॅमेरा गाडीच्या डिक्कीत ठेवू नये.

शेवटी आपले मेमरी कार्ड घेऊन दुकानात जावे, प्रत्येक मॉडेलने दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा आणि बाहेरच्या रस्त्याचा एकेक फोटो काढावा आणि घरी संगणकावर मोठा करून पाहिल्यावरच पैसे मोजावेत.